ओहोटीच्या वेळापत्रकावर वीस वर्षं

स्मरणिकेत मंडळाचा इतिहास असावा असा ठराव कार्यकारिणीनं केला आणि त्याला एक पुरवणी जोडली: लेखात कुणाचंही नाव घ्यायचं नाही. संस्थापक सदस्य, आजी-माजी पदाधिकारी, देणगीदार आणि रविवारचे कार्यकर्ते यांची यादी शेवटच्या पानांवर अकारविल्हे दिलेली आहे. ठराव शहाणपणाचा आहे. वीस वर्षांच्या संस्थेत दहा नावं घेतली की चाळीस माणसं रुसतात, आणि गाळात उतरणारी माणसं आपल्याकडे मुळात मोजकी. त्यांतलं एकही रुसून चालायचं नाही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी थोडा भूगोल. ठाण्याची खाडी म्हणजे मुंबई बंदरातून उत्तरेकडे सुमारे २६ किलोमीटर आत शिरलेलं समुद्राचं पाणी. वाशीपाशी ती ऐसपैस आहे, ऐरोलीच्या वर चिंचोळी होत जाते आणि ठाण्या-कळव्यापाशी एका अरुंद पात्रानं उल्हास नदीला जोडली जाते. पश्चिमेला भांडुप, मुलुंड, कोपरी. पूर्वेला विटावा, ऐरोली आणि ठाणे-बेलापूरचा कारखान्यांचा पट्टा. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्याला थांबली. पुढच्याच वर्षी तिनं ही खाडी ओलांडून कल्याण गाठलं. तेव्हापासून शहरातल्या बहुतेकांची खाडीशी ओळख गाडीच्या खिडकीतूनच आहे. पूल आला की कुणी नाकाला रुमाल लावतं, कुणी हात जोडतं, आणि कुणी हात जोडायच्या आधी निर्माल्याची पिशवी भिरकावतं.

या खाडीतला आपल्या मंडळाचा टापू लहान आहे. चेंदणी कोळीवाड्याची बाजू, मीठबंदर आणि तिथून दक्षिणेला कोपरीच्या तिवरांचा पट्टा, एवढाच. सगळी खाडी वाचवायचा विडा आपण कधी उचलला नाही. तसा विडा उचललेल्या संस्था आम्ही पाहिल्या आहेत. त्यांची पत्रकं छान छापलेली असायची.

मंडळ जन्मलं ते पुराच्या धास्तीतून. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दुपारी मोठी भरती होती, नाल्यांतलं पाणी खाडीत जायला तयार नव्हतं. त्या पावसानं नदी, नाला, खाडी, भराव हे शब्द घराघरांत आणले. गच्चीवरच्या बैठका सुरू झाल्या. सुरुवातीच्या बैठकांत तिवरांविषयी बोलणारं कुणीच नव्हतं. सगळे तळमजल्यावरच्या मोटारींविषयी बोलत होते. पाणी आपल्या आवारात का शिरलं याचा माग काढत काढत लोक नाल्याच्या तोंडाशी गेले आणि तिथे त्यांना पहिल्यांदा खाडी भेटली.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरनं मंडळाच्या हातात, आठवड्याभरात, दोन हत्यारं दिली. ६ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयानं ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप’च्या याचिकेवर अंतरिम आदेश दिला: राज्यभरात खारफुटीची तोड बंद, खारफुटीवर भराव आणि राडारोडा टाकणं बंद, खारफुटीपासून पन्नास मीटरच्या आत बांधकाम बंद. आणि १२ ऑक्टोबरला माहितीचा अधिकार कायदा देशभर लागू झाला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप चिकटवून सरकारी कार्यालयाला प्रश्न विचारता येऊ लागला आणि तीस दिवसांत उत्तर मागता येऊ लागलं. तेव्हा या योगायोगाचं महत्त्व कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण मंडळाचं पुढचं निम्मं काम या दोन कागदांवर उभं आहे.

नोंदणीची हकिगत थोडक्यात. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात. सहा मिळाले होते. सातवी सही करणाऱ्या गृहस्थांनी ‘मला गाळात उतरायला सांगू नका’ या अटीवर ती केली आणि नंतर अनेक वर्षं हिशेब चोख ठेवले. घटना एका क्रीडा मंडळाच्या घटनेवरून उतरवली होती, त्यामुळे आपल्या उद्दिष्टांत आजही ‘सदस्यांच्या शारीरिक सुदृढतेस उत्तेजन देणे’ हे कलम आहे. ते काढायचा विचार दोन-तीन वेळा झाला, पण धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या आठवून तो तसाच राहिला. शिवाय ओली गोणी खांद्यावर घेऊन बांधापर्यंत चालत आलेल्या कुणाचाच त्या कलमाला विरोध नाही.

खरं शिक्षण सुरू झालं ते पहिल्या सफाईच्या दिवशी, आणि ते कोळीवाड्यानं दिलं. सोसायट्यांतली मंडळी सकाळी नवे कोरे गमबूट घालून आली. वेळ ठरवली होती रविवारी आठची, कारण सगळ्यांना सोयीची. पाण्याला ती सोयीची आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं. आठला पाणी बांधाला लागलेलं. काठावर जाळं विणत बसलेल्या एका मावशींनी शांतपणे सांगितलं, ‘आज काय हुतंय? चवथीला या.’

भरतीचं गणित कोळीवाड्यात सगळ्यांना तोंडपाठ असतं. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या सुमाराला भरती, आणि सहा तास मागे गेलं की सकाळी नऊला ओहोटी. अष्टमीला आठ पाऊण सहा. सकाळी सहाला भरलेलं पाणी आठलाही फारसं हललेलं नसतं. बंदरातलं पाणी ठाण्यापर्यंत चढायला आणखी वेळ लागतो, तो वर धरायचा. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जितकं चढतं तितकंच मागे हटतं, अष्टमीच्या भांगाला ते धड चढतही नाही आणि हटतही नाही. म्हणजे सकाळी आठ ते अकरा गाळात काम करायचं तर तृतीया ते पंचमी या तिथी उत्तम. पंधरवड्यात अशा तीनच, आणि त्यांवर रविवार पडेलच असं नाही. मंडळानं ‘दर महिन्याचा पहिला रविवार’ हा हट्ट सोडला आणि वर्षारंभी पंचांग घेऊन बसायची पद्धत सुरू झाली. शाळेत पाऊणकी घोकलेले ज्येष्ठ सभासद तेवढ्यापुरते मंडळाचे सर्वांत उपयोगी सभासद ठरले. आता भरतीची वेळ मोबाइलवर दिसते, तरी वार्षिक वेळापत्रक पंचांगावरूनच ठरतं आणि मोबाइलवर फक्त पडताळलं जातं.

या वेळापत्रकाचा एक परिणाम कुणी योजलेला नव्हता. चतुर्थीला काम म्हटलं की निम्म्या मंडळींचा उपास. सफाईनंतर वडापाव वाटला तर अर्धे नुसते चहावर. म्हणून साबुदाण्याची खिचडी आली आणि ती इतकी रुळली की उपास नसलेलेही तिच्यासाठी येतात. हिशेबाच्या वह्यांत ‘साबुदाणा, दाणे’ हा खर्च हातमोज्यांच्या खर्चाला लागून दिसतो. लेखापरीक्षकांनी एका वर्षी त्यावर खुलासा मागवला होता. तिथी सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं.

गमबुटांचं काय झालं तेही सांगायला हवं, कारण नवे सभासद आजही तेच घेऊन येतात. खाडीचा गाळ गमबुटाला धरून ठेवतो. पाय बाहेर येतो, बूट आत राहतो. अनवाणी उतरावं तर कालवांच्या धारदार शिंपा तळवे चिरतात. कोळ्यांनी दाखवलेला उपाय म्हणजे जुने कॅनव्हासचे बूट, नाडीनं घोट्याभोवती घट्ट आवळलेले. रुतलात तर पाय सरळ वर ओढायचा नाही. मागे टेकून, अंग पसरून, गुडघा हलवत गाळात पाणी शिरू द्यायचं, की पाय सुटतो. मंडळाच्या नियमावलीत लेखी असलेला सुरक्षेचा पहिला नियम हाच आहे. दुसरा नियम: भरतीच्या दोन तास आधी सगळे बांधावर. दोन्ही नियम आपल्याला कोळीवाड्यानं फुकट दिले. मावशी पुढे अनेक वर्षं गमतीनं म्हणत, ‘तुमचा आयतवार, आमचं रोजचंच.’ त्या बोलण्यात थट्टा होती तशी तक्रारही होती. शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागल्यावर जाळ्यात काय येतं आणि काय येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणी भोगलेलं नाही. बोईट, कोळंबी, चिंबोरी यांची जुनी वर्णनं ऐकताना आपण त्याच पाण्याविषयी ऐकतोय यावर विश्वास बसत नाही. कार्यकारिणीत कोळीवाड्याच्या दोन जागा राखीव आहेत त्या यामुळे. उपकार म्हणून ठेवलेल्या नाहीत. त्यांच्याशिवाय मंडळाला खाडी वाचताच आली नसती.

पहिल्या वर्षांत आपण फक्त उचललं. तिवराच्या बुंध्याभोवती जमिनीतून पेन्सिलीसारखी शेकडो मुळं उभी असतात. गाळात हवा नसते, म्हणून झाड या मुळांनी श्वास घेतं. प्लॅस्टिकची पातळ पिशवी ओहोटीला त्यांवर येऊन बसते, पुढच्या भरतीला तिच्यावर गाळ चढतो, त्यावर दुसरी पिशवी. दाताळ्यानं ओढलं तर पिशवीबरोबर मुळंही तुटतात. म्हणून हे काम हातानंच, वाकून, एकेक पदर सोडवत करावं लागतं. तासाभरात एका माणसाकडून जेमतेम एक झाड मोकळं होतं. मोकळ्या झालेल्या चिखलात लगेच निवट्या उड्या मारायला लागतात आणि तेवढ्यावर माणूस पुढच्या झाडाकडे वळतो.

गोण्यांत काय भरायचं यावरून पहिला वैचारिक वाद झाला. थर्मोकोल, चपला, गुटख्याच्या पुड्या, औषधांच्या पट्ट्या यांबद्दल मतभेद नव्हता. पण देवांच्या तसबिरी? काच फुटलेले गणपती, दत्त, साईबाबा, लग्नातल्या जोडप्यांचे फ्रेम केलेले फोटो. कुणीही ते चपलांच्या गोणीत टाकायला तयार होईना, आणि नास्तिक म्हणवणारे दोघेही त्यात होते. शेवटी तसबिरींसाठी वेगळी गोणी ठरली. काच, लाकूड, कागद सुटं करून वेगवेगळं द्यायचं. ही रीत आजतागायत चालू आहे. पुलावरून निर्माल्य टाकणाऱ्यांशी भांडण करायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं. गणपतीत विसर्जनघाटावर कलश घेऊन उभं राहायचं, हात पुढे करायचा आणि ‘द्या, आम्ही पोचवतो’ एवढंच म्हणायचं. उपदेशापेक्षा हात पुढे केल्यानं जास्त पिशव्या मिळाल्या.

उचलण्याला मात्र अंत नव्हता. सकाळी मोकळं केलेलं झाड संध्याकाळच्या भरतीनं पुन्हा झाकलेलं दिसे. काही सभासद त्या निराशेनं गेले. राहिलेल्यांपैकी एका निवृत्त शिक्षिकेनं सुचवलं की आपण उचलतो त्याची नोंद तरी ठेवू. शाळेच्या हजेरीपटाची लांब वही आली. तारीख, तिथी, भरतीची वेळ, जागा, काय दिसलं, फोटो कुणी काढला, कुणाला कळवलं, उत्तर काय आलं, असे रकाने. मंडळाच्या इतिहासात एखाद्या गोष्टीला कलाटणी म्हणायचं असेल तर माझ्या मते ही वही. पुढच्या पुरस्कारांना आणि पाहुण्यांना मी तो मान देणार नाही. वही आल्यावर ‘खाडी घाण आहे’ हे वाक्य बंद झालं. त्याच्या जागी ‘अमुक नाल्याच्या तोंडाशी दर मंगळवारी रात्रीनंतर काळं पाणी दिसतं’ असलं वाक्य आलं. पहिल्या वाक्यावर कुणालाही काही करता येत नाही. दुसऱ्यावर कुणाला तरी करावं लागतं.

आता हा ‘कुणीतरी’ कोण, हे शोधण्यात पुढची वर्षं गेली. खाडीच्या एकाच चिखलावर किती धन्यांचा हात असतो हे नव्या सभासदांनी समजून घ्यावं. जमीन महसूल खात्याची असेल तर जिल्हाधिकारी. ती खारफुटीची म्हणून राखीव किंवा संरक्षित वन झाली असेल तर वनखातं, त्यातही २०१२पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष. मिठागराची असेल तर केंद्र सरकारचे मीठ आयुक्त. नाला महापालिकेचा, नाल्यातलं रसायन प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, बोटींची वाट मेरिटाइम बोर्डाची, मासे मत्स्यव्यवसाय खात्याचे, पुलाखालची पट्टी रेल्वेची, किनारा नियमन क्षेत्राची परवानगी आणखी वेगळ्या प्राधिकरणाची. आणि रात्री राडारोड्याचा डंपर आला तर पोलीस. यातलं प्रत्येक खातं आपापल्या कायद्यानं बरोबर असतं. डंपर तेवढा मधल्या फटीतून आत येतो.

वहीची कसोटी लागली ती आपल्या टापूच्या दक्षिण टोकाला. एका पोटखाडीच्या तोंडावर थोडा थोडा करून राडारोड्याचा बांध पडला होता. कुऱ्हाड कुणी चालवली नव्हती. तिवर मारायला कुऱ्हाड लागतही नाही. भरतीचं येणं-जाणं अडवलं की आतलं पाणी साचतं किंवा सुकतं, मुळं गुदमरतात नाहीतर जमिनीतला खार वाढत जातो. काही महिन्यांत पानं पिवळी पडतात, झाडं उभ्या उभ्या वाळतात, आणि मग वाळक्या काटक्यांकडे बोट दाखवून म्हणता येतं की इथे खारफुटी होतीच कुठे? आपल्या वहीत मात्र ती होती. एका ठरावीक खांबाजवळ उभं राहून दर सफाईला काढलेले फोटो होते, तिथीसकट. गूगल अर्थवरची जुनी चित्रं त्यांच्या जोडीला ठेवली.

तक्रारीचं पहिलं उत्तर आलं: सदर जागा आमच्या अखत्यारीत येत नाही. दुसऱ्या कार्यालयानं पहिल्याकडे बोट दाखवलं. तिसऱ्यानं स्थळपाहणी केली, पण भरतीच्या वेळी, त्यामुळे बांध पाण्याखाली होता आणि अहवालात ‘बांध आढळून आला नाही’ असं आलं. तेव्हा मंडळानं भांडण थांबवलं आणि सगळ्या कार्यालयांना माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न विचारला: या सर्व्हे नंबरची जमीन आपली आहे का? नसल्यास आपल्या नोंदीप्रमाणे कुणाची? उत्तरं यायला वेळ लागला, काही ठिकाणी अपील करावं लागलं. पण ती एका कागदावर ओळीनं लिहिल्यावर फट स्पष्ट दिसली, आणि ती लेखी असल्यामुळे कुणाला नाकारता येईना. पुढची स्थळपाहणी पंचमीला ठेवावी अशी लेखी विनंती केली, सोबत पाऊणकीचा हिशेब जोडला. बांध उघडा पडला. तो फोडला गेला त्या दिवशी भरतीचं पाणी आत शिरताना पाहायला कोळीवाड्यातली पोरंटोरंसुद्धा आली होती. आतली काही झाडं गेलेली होती, ती गेलीच. कडेच्या तिवरांना पुढच्या पावसाळ्यानंतर पालवी आली.

दरम्यान कायद्याची बाजू भक्कम होत गेली. १७ सप्टेंबर २०१८च्या अंतिम निकालात उच्च न्यायालयानं खारफुटीचा नाश म्हणजे घटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भंग मानला. ऑगस्ट २०१५मध्ये ऐरोली ते वाशी या पुलांमधल्या भागात, सुमारे १,६९० हेक्टरांवर, ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं ते तिसरं. आपला टापू अभयारण्याच्या हद्दीबाहेर, उत्तरेला आहे. पण पाण्याला हद्द नाही, आणि वरच्या अंगाला जे सुटतं ते खाली अभयारण्यातच जातं, हा युक्तिवाद आपल्या पत्रांत तेव्हापासून कायम आहे.

रोहित पक्ष्यांविषयी थोडं परखड बोलायला हवं. १९९०च्या दशकापासून हे गुलाबी पाहुणे खाडीत मोठ्या संख्येनं येऊ लागले आणि ज्या शहरानं खाडीकडे पाठ केली होती ते दुर्बिणी घेऊन काठावर आलं. त्यांच्यामुळे अभयारण्य झालं, त्यांच्यामुळे आपल्याला सभासद मिळाले. पण ‘रोहित आले म्हणजे खाडी स्वच्छ झाली’ हे भाषणातलं वाक्य खरं नाही. धाकटा रोहित नील-हरित शेवाळावर जगतो आणि ते शेवाळ मातवायला सांडपाण्यातली पोषकद्रव्यं हातभार लावतात असं अभ्यासक सांगतात. म्हणजे पक्षी दिसतात त्यात आपल्या नाल्यांचाही वाटा आहे. हे सांगितलं की पाहुण्यांचे चेहरे पडतात. मे २०२४मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेनं तीसहून अधिक रोहित मेले तेव्हा सगळीकडे हळहळ झाली, ती रास्तच होती. आपल्या जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेत मात्र शेकाटे, तुतारी, कुरव यांचीही तितक्याच इमानानं नोंद होते. त्यांच्यासाठी गर्दी जमत नाही आणि तिवरांत राहणाऱ्या सोनेरी कोल्ह्यासाठी तर नाहीच.

पैशांचा इतिहास सभासदांना ठाऊक आहे, तरी एक प्रसंग नोंदवतो. कंपनी कायद्यानं २०१४पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं आलं, आणि मंडळाचा फोन वाजू लागला. एका कंपनीचा प्रस्ताव घसघशीत होता. त्यांना खारफुटीची रोपं लावायची होती. हजारो रोपं, टी-शर्ट, कमान, ड्रोननं चित्रीकरण. जागा त्यांनी निवडलेली होती: ओहोटीला उघडी पडणारी मोकळी दलदल. ती रिकामी दिसते, पण रिकामी नसते. भरतीबरोबर मागे-पुढे सरकत हजारो पक्षी तिथेच चरतात. आणि या खाडीत गाळ साचत चालल्यामुळे तिवर आपणहून पुढे पुढे सरकतोय. कमी होतेय ती उघडी दलदल. तिथे रोपं लावणं म्हणजे पक्ष्यांचं ताट काढून घेणं. कार्यकारिणीत दोन तट पडले. त्या रकमेत मंडळाला दहा वर्षं वर्गणी मागावी लागली नसती. रात्री उशिरापर्यंत सभा चालली आणि थोड्या मतांनी प्रस्ताव नाकारला गेला. काही चांगली माणसं त्यानंतर येईनाशी झाली. माझ्या मते निर्णय बरोबर होता, आणि अल्पमतातल्यांचं मतभिन्नतेचं टिपण इतिवृत्तात जोडलेलं आहे तेही बरोबर आहे. पुढे त्याच कंपनीच्या काही तरुण कर्मचाऱ्यांनी कमानीशिवाय, ड्रोनशिवाय, चतुर्थीला येऊन पिशव्या सोडवल्या. त्यांतले काही आज सभासद आहेत.

बाकीच्या घडामोडी थोडक्यात. २०१८च्या प्लॅस्टिकबंदीनंतर गोण्यांतला थर्मोकोल कमी झाला, गुटख्याच्या पुड्या मात्र कमी झाल्या नाहीत. २०२०च्या टाळेबंदीत सफाई बंद होती. वही मात्र चालू राहिली, कारण कोळीवाड्यातले सभासद काठावरच होते. त्याच वर्षी राज्यानं पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. शाळांच्या फेऱ्यांत मुलं आता ‘चिपी कुठे?’ असं विचारतात आणि आपल्याला बहुतेक तिवरच दाखवावा लागतो. पुरस्कार मिळाले, ते कपाटात आहेत. कपाटाची किल्ली सापडत नाही असं कार्यवाह सांगतात.

वीस वर्षांनी खाडी स्वच्छ झाली का, असं प्रत्येक पत्रकार विचारतो. झाली नाही. आपल्या टापूत नवा भराव पडलेला नाही, पडू लागला की दोन दिवसांत वहीत येतो आणि आठवड्यात संबंधित टेबलावर जातो. एक पोटखाडी वाहती आहे. नाल्यांचं पाणी अजून काळं येतं. किती वाजता आणि कुठून, ते आपल्याला माहीत आहे. मंडळाच्या पदरात जमा आहे ती एवढी. ती कमी मानणाऱ्यांनी एकदा राडारोड्याचा बांध फोडून घेऊन दाखवावा.

खर्चाच्या बाजूला सर्वांत मोठा आकडा वयाचा आहे. कार्यकारिणीतल्या बहुतेकांचे गुडघे आता गाळाला तयार नाहीत. पत्रं लिहिणारे पुष्कळ आहेत, खांबाजवळ उभं राहून दर पंधरवड्याला फोटो काढणारे कमी. पदाधिकारी बदलल्याचा अर्ज वेळेत न गेल्यानं मागे एकदा बँकेच्या सह्यांचा घोळ झाला होता, तो पुन्हा होऊ नये म्हणून सहकोषाध्यक्ष हवा आहे. वह्यांची संख्या वाढली आहे. जुन्या वह्यांना वाळवी लागायच्या आत त्या संगणकावर चढवायच्या आहेत आणि त्यासाठी मोडी नव्हे, फक्त आमची अक्षरं लावता येणारं माणूस पुरे. वार्षिक वर्गणी वाढवलेली नाही. या वर्षीचं सफाईचं वेळापत्रक मागच्या मुखपृष्ठाच्या आत छापलं आहे, तिथी आणि ओहोटीच्या वेळेसकट. ते कापून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावं. येताना जुने कॅनव्हासचे बूट, जादा कपडे आणि पाण्याची बाटली आणावी, गमबूट आणू नयेत. खिचडी मंडळाची.